बुवांचा एको

आमच्या मंगळवार पेठेतल्या भजनी मंडळाला एको, म्हणजे आवाज घुमवणारा प्रतिध्वनी, पाहिजे होता. तयार मिक्सरमध्ये तो येतोच, पण मंडळात मी एकटा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला. ‘किट आणून करू की!’ हे वाक्य माझ्या तोंडून निघणं विधिलिखितच होतं.

किट म्हणजे एक प्लास्टिकची पिशवी. आत सर्किटची प्लेट, मूठभर रेझिस्टर, मसूरडाळीएवढे कपॅसिटर आणि सोळा पायांची पीटी२३९९ ही आयसी, म्हणजे चिप. मूळची तैवानची, कराओकेसाठी केलेली. तिला काय माहीत पुढे अभंग गिळायचेत. कपॅसिटरवर १०४ लिहिलेलं. हे १०४ म्हणजे दहापुढे चार शून्यं, तेही पिकोफॅरड! रेझिस्टरवर तर आकडेही नाहीत, नुसते पट्टे. तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे १० किलोओहम, तपकिरी-काळा-लाल म्हणजे १. फरक दहापट, आणि आमच्या ट्यूबलाइटखाली लाल आणि नारिंगी सख्खी भावंडं.

मेहुणा हुपरीचा, चांदीचे पैंजण झाळण्यात हयात गेलेली. माझं सोल्डरिंग त्यानं भिंग लावून बघितलं. “दाजी, गन तारेला न्हाई, पायाला लावायची. पाय तापला की कथलाचा डाग आपसूक पळतोय. ह्ये काय, शेवया घातल्यात व्हय?” मग गन त्याच्या हातात, आणि मी चहा करायला.

एकादशीला डबा जोडला. आयसी आवाजाचे आकडे करते, ४४ किलोबिटच्या स्मरणात क्षणभर ठेवते आणि मागून सोडते. उशीर वाढवायचा तर तिच्या आतलं ठोके देणारं घड्याळ मंद करावं लागतं आणि मंद केलं की खरखर वाढते. बुवांना मात्र उशीर पाहिजे होता, सगळाच्या सगळा. मी नॉब शेवटपर्यंत फिरवला, साधारण एक तृतीयांश सेकंद. बुवांचा आवाज असा काही घुमला की ते स्वतःच डोळे मिटून ऐकत बसले.

पखवाजवाल्याची मात्र सम हुकायला लागली. भजन चढत गेलं, लय वाढली, डब्याचा उशीर तेवढाच. मागून येणारे बुवा पुढच्या बुवांना आडवे जायला लागले. त्यानं पखवाजावर हात आपटला. “एकतर मी वाजवीन, न्हाईतर ह्यो डबा!”

बुवांनी त्याच्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं आणि मला हळूच विचारलं, “पखवाजाचंबी किट मिळतंय काय रं?”