आर्टिकल गाळून जर्मन शब्द शिकवणं बंद करा

‘टिश म्हणजे टेबल, लाम्पे म्हणजे दिवा, फेन्स्टर म्हणजे खिडकी.’ नवशिक्यांच्या हातात पडणारी प्रत्येक दुसरी यादी अशीच असते आणि ती पाहिली की डोकं फिरतं. डावीकडे जर्मन शब्द, उजवीकडे अर्थ, संपलं. नामाचं लिंग दाखवणारं आर्टिकल गायब: पुल्लिंगी डेर नाही, स्त्रीलिंगी डी नाही, नपुंसकलिंगी दास नाही, अनेकवचनाचा पत्ता नाही. वर पुन्हा ‘दोन तासांत दोनशे शब्द’ अशी जाहिरात. शिकणारा बिचारा प्रामाणिकपणे घोकतो, आणि त्याला अर्धाच शब्द दिलाय हे त्याला कुणी सांगत नाही.

जर्मनमध्ये टिश हा शब्दच नाही, डेर टिश हा शब्द आहे. डी लाम्पे, दास फेन्स्टर. हा व्याकरणाचा सोस नाही, त्याच्यावाचून पहिल्या दिवशी बेकरीतही अडतं. ‘इश हेटे गेर्न आइनेन काफे, आइन ब्रोट उंट आइने ब्रेत्सेल’, म्हणजे मला एक कॉफी, एक ब्रेड आणि एक ब्रेत्सेल हवंय. वस्तू तीन आणि ‘एक’ या शब्दाची रूपंही तीन, कारण काफे पुल्लिंगी, ब्रोट नपुंसकलिंगी, ब्रेत्सेल स्त्रीलिंगी. लिंग माहीत नसेल तर साधा ‘एक’ म्हणता येत नाही. डॉक्टरकडे जायचं तर त्सुम आर्त्स्ट, औषधाच्या दुकानात जायचं तर त्सुर आपोटेके. बसनं म्हणजे मिट डेम बुस, ट्रेननं म्हणजे मिट डेर बान: ‘मिट’नंतर डेर बुसचं डेम होतं आणि डी बानचं डेर. हे ‘त्सुम’ की ‘त्सुर’, ‘डेम’ की ‘डेर’ कशावरून ठरतं? यादीतून गाळलेल्या त्याच आर्टिकलवरून!

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: ‘आधी अर्थ पाठ करा, आर्टिकल नंतर आपोआप बसेल.’ नाही बसत. उघडा शब्द एकदा कानात रुतला की त्याला मागाहून आर्टिकल चिकटवणं म्हणजे तोच शब्द दुसऱ्यांदा शिकणं, तोही आधीची सवय मोडून. ए-१ या पहिल्या पातळीच्या परीक्षेसाठी ग्योटे इन्स्टिट्यूटची अधिकृत शब्दयादी साधारण ६५० शब्दांची आहे. त्यात नामांना आर्टिकल आहे, अनेकवचनाची खूण आहे, वापर दाखवणारी वाक्यं आहेत, आणि ती इंटरनेटवर फुकट मिळते. म्हणजे मूळ माल नीट आहे. त्यातून उचलून रंगीत पीडीएफ आणि तीस सेकंदांचे व्हिडिओ करणारे नेमकं कामाचं तेवढं कापून टाकतात, कारण आर्टिकल काढलं की पान सुटसुटीत दिसतं. पान सुटसुटीत दिसावं म्हणून शिकणाऱ्याचं सहा महिन्यांचं नुकसान!

आणि ‘आर्टिकलला नियमच नाहीत, नुसतं पाठ करा’ हे दुसरं खोटं. चमच्याला डेर ल्योफेल, काट्याला डी गाबेल आणि सुरीला दास मेसर का, याला उत्तर नाही हे कबूल. पण शेवट पाहून ठरणारे शब्दही ढिगानं आहेत. -उंग, -हाइट, -काइट, -शाफ्ट, -त्सिओन, -टेट असा शेवट असेल तर डी. -शेन आणि -लाइन या लघुत्वदर्शक शेवटांना दास, म्हणून मुलगीसुद्धा दास मेटशेन. वार, महिने, ऋतू सगळे डेर. क्रियापदाचं मूळ रूप नाम म्हणून वापरलं की दास, जसं दास एसेन. जोडशब्दात शेवटच्या तुकड्याचं लिंग लागतं: डी हांट अधिक डेर शू म्हणजे डेर हांटशू, हातमोजा. हे सगळं एका पानात मावतं आणि पहिल्या आठवड्यात सांगता येतं. ते न सांगता ‘जर्मन अवघडच आहे’ म्हणून हात झटकायचे, याला शिकवणं म्हणत नाहीत.

अनेकवचनाचीही तीच गत. टिश-टिशे, बूख-ब्युशर, त्यूर-त्यूरेन, आउटो-आउटोस, आणि फेन्स्टर मात्र जसंच्या तसं. पाच तऱ्हा झाल्या, आणि श्टूलचं श्ट्यूले होताना आतला स्वरही बदलतो. शब्दासोबत आलं तर अनेकवचन जड जात नाही. वर्षभरानं वेगळी यादी करून घोकायला लागलं की रडायची पाळी येते.

पण खरा संताप येतो तो मराठी मुलांना जर्मन इंग्रजीतून शिकवण्याचा. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. नर्सिंग, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हिंग अशा कामांसाठी जर्मन शिकणारी कितीतरी मुलं मराठी माध्यमातली असतात. त्यांना जर्मन शब्द, त्याचा इंग्रजी अर्थ आणि मग मनातल्या मनात मराठी, असा उलटा वळसा घालायला लावतात. आणि वळसा घालताना नेमकं तेच हरवतं जे मराठी माणसाला जन्मतः येतं.

इंग्रजीत वस्तूंना लिंग नाही, म्हणून इंग्रजी पुस्तकात तीन लिंगांचं भूत उभं केलेलं असतं. अहो, मराठीत तो, ती, ते आहेच की! दिवा तो, खुर्ची ती, टेबल ते, हे आपण विचार न करता बोलतो. किल्ली सापडली की ‘ती सापडली’ म्हणतो, तसंच जर्मन माणूस डेर श्ल्युसेलला ‘एर’ म्हणतो. निर्जीव वस्तूला लिंग असतं ही गोष्ट मराठी मुलाला समजावून सांगावीच लागत नाही. फक्त एवढंच बजावायचं की लिंगं जुळतीलच असं नाही: घर आणि दास हाउस जुळतं, पाणी आणि दास वासर जुळतं, पण दूध ते असलं तरी डी मिल्श, दार ते असलं तरी डी त्यूर. दोन मिनिटांचं काम.

आकडे तर विचारूच नका. ‘जर्मन आकडे उलटे असतात’ म्हणे! कुणाला उलटे? ४७ म्हणजे झीबेन-उंट-फिर्त्सिश, आधी सात, मग चाळीस. मराठीत काय म्हणतो? सत्तेचाळीस. तिथंही सात आधी, चाळीस नंतर. २४७ म्हणजे दोनशे सत्तेचाळीस, जर्मनमध्येही क्रम तंतोतंत तोच. अडचण फक्त एकोणीस, एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंतच्या आकड्यांची, कारण तिथं आपण पुढच्या दशकातून एक वजा करतो आणि जर्मन तसं करत नाही. फोन नंबर ऐकताना मुलं ७४ लिहितात ती जर्मनमुळे नाही, डोक्यात मध्येच फॉर्टी-सेव्हन घुसवल्यामुळे.

वेळेचं तर त्याहून वाईट. हाल्प ड्राय म्हणजे अडीच. इंग्रजीतून ‘हाफ थ्री’ असं ऐकणारा साडेतीनला पोहोचतो, आणि तास उशिरा आलेल्याला तिथं कुणी आत घेत नाही. अडीच हा शब्दच ‘अर्धतृतीय’ यातून आलाय, म्हणजे तिसरा अर्धा. जर्मन नेमकं तेच म्हणतो! हाल्प त्स्वाय म्हणजे दीड, हाल्प फीर म्हणजे साडेतीन. दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे ड्रायफिर्टेल ड्राय असंही म्हणतात, ते सरळ आपलं पावणेतीन. आणि फ्युन्फ फोर हाल्प ड्राय म्हणजे अडीचला पाच कमी, २ वाजून २५ मिनिटं. पावणे, सव्वा, दीड, अडीच बोलत वाढलेल्या मुलांना हे ‘फार विचित्र’ म्हणून शिकवलं जातं. चीड येणार नाही तर काय?

क्रियापदं घ्या. इंग्रजीतल्या एका ‘नो’साठी (know) जर्मनमध्ये केनेन आणि विसेन, मग त्यावर तासभर व्याख्यान. मराठीत सांगा ना: केनेन म्हणजे ओळखणं, विसेन म्हणजे माहीत असणं. आणि ‘मला जर्मन येतं’ यासाठी तिसरंच, इश कान डॉइच. आपल्याकडेही ही तीन क्रियापदं वेगळीच आहेत. ‘मला पुस्तक आवडतं’ म्हणजे दास बूख गेफेल्ट मिर: पुस्तक कर्ता आणि ‘मला’ म्हणजे मिर, रचना हुबेहूब. ‘मला थंडी वाजते’ म्हणजे मिर इस्ट काल्ट, इथंही ‘मला’च. इंग्रजीतून गेलं की मुलं ‘इश बिन काल्ट’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं हा स्वतःला थंड मनाचा म्हणतोय. बेकोमेन म्हणजे मिळणं, पण इंग्रजी कानाला ते ‘होणं’ वाटतं. वेर म्हणजे कोण आणि वो म्हणजे कुठे, तेही इंग्रजी कानाला बरोबर उलटं. अननस जर्मनमध्येही डी आनानास आहे, तरी यादीत ‘आनानास म्हणजे पाइनॅपल’ लिहून ठेवलेलं!

मग शब्द निवडतात तेही कसले. पहिल्याच धड्यात जिराफ, हत्ती, पेंग्विन, इंद्रधनुष्याचे रंग. जर्मनीत उतरलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात जिराफ लागत नाही. त्याला डी आनमेल्डुंग लागतं, कारण घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो. डी काउत्सिओन लागतं, घराचं डिपॉझिट, जे काल्टमीटेच्या, म्हणजे नुसत्या भाड्याच्या, तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही. दास फांट लागतं, एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट, जे बाटली मशीनमध्ये परत टाकली की मिळतात. दारावरचं त्सीएन म्हणजे ओढा आणि द्र्युकेन म्हणजे ढकला, हे लागतं. डी युबरवायझुंग तर दोन ठिकाणी लागतं: बँकेत पैसे पाठवणं आणि डॉक्टरनं तज्ज्ञाकडे जायला दिलेली चिठ्ठी, दोन्हीला तोच शब्द. एकच अर्थ पाठ केलेला माणूस दवाखान्यात ‘युबरवायझुंग आणलीत का?’ ऐकून पैशांचं काढतो.

स्वयंपाकघरातही तेच. जिरं म्हणजे क्रॉइत्सक्युमेल. नुसतं क्युमेल घेतलंत तर वेगळाच मसाला घरी येतो आणि वरणाची फोडणी बिघडते. खाण्याचा सोडा म्हणजे नाट्रोन. बाकपुल्फर म्हणजे बेकिंग पावडर, सोडा नव्हे. ४०५ लिहिलेलं पीठ मैद्यासारखं असतं, पोळ्यांना वाइत्सेनफोलकोर्नमेल पाहा. असं एक पान एकाही यादीत का नसावं?

क्रियापदांच्या यादीत आणखी एक घोळ. ह्योरेन म्हणजे ऐकणं, एवढंच देतात. आउफह्योरेन म्हणजे थांबणं, आणि वाक्यात ते तुटतं: एर ह्योर्ट उम फ्युन्फ आउफ. शेवटच्या ‘आउफ’पर्यंत थांबला नाहीत तर तो पाच वाजता काम थांबवतो याऐवजी तो पाच वाजता ऐकतो असं समजून बसाल. स्टेशनवरचे आइनश्टायगेन, आउसश्टायगेन, उमश्टायगेन, म्हणजे चढणं, उतरणं, गाडी बदलणं, हे तीन एकत्रच शिकवायला हवेत. ते तीन वेगळ्या धड्यांत विखुरलेले असतात. आणि प्रत्येक क्रियापदासोबत तीन रूपं हवीत: फारेन (वाहनानं जाणं), फेर्ट, इस्ट गेफारेन. तो ‘इस्ट’ गाळलात तर भूतकाळ बोलताना प्रत्येक वेळी सहायक क्रियापद ‘हाट’ की ‘इस्ट’ म्हणून अडखळाल.

चार पर्यायांतून एक टिचकावायचे अ‍ॅपवाले सरावही फसवेच. पर्याय समोर असला की ओळखता येतं. रिकाम्या डोक्यातून काढता येतं का, हे त्यातून कळत नाही. कार्ड करा. एका बाजूला मराठी अर्थ, तोही संदर्भासकट: ‘युबरवायझुंग’साठी दोन वेगळी कार्डं, एक ‘बँकेतून पैसे पाठवणं’, एक ‘डॉक्टरची चिठ्ठी’. दुसऱ्या बाजूला आर्टिकल, शब्द, अनेकवचन आणि एक छोटं वाक्य, ज्यात आर्टिकल बदललेलं दिसेल. डेर निळ्या शाईनं, डी लाल, दास हिरवी. मराठी बाजू पाहून तोंडानं, मोठ्यानं, आर्टिकलसकट म्हणा. आर्टिकल चुकलं तर अर्थ बरोबर असला तरी कार्ड चुकलेल्यांच्या गठ्ठ्यात. दिवसाला दहा नवे शब्द पुरेत. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्यानं परत काढा. आणि ज्या यादीत डेर, डी, दास नाही ती सरळ फाडून टाका.