‘साधी अक्कल पुरे’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘गृहीतक, अनुमान, तर्कदोष असले शब्द घोकून कुणी शहाणं होत नाही. साधी अक्कल पुरे. हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे, आणि ते शिकलेला माणूस घरीदारी नुसता भांडत सुटतो.’ हा मजकूर मला आठवड्यात तीन ग्रुपांवर आला. तिन्ही मुद्दे मला चुकीचे वाटतात. तिसऱ्यात मात्र थोडं तथ्य आहे.

आधी साधी अक्कल. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक जण म्हणाले, पाण्याची टाकी वर्षभर धुतलेली नाही. लगेच उत्तर आलं, ‘तुमचा दोन महिन्यांचा मेंटेनन्स थकलाय, तो भरा आधी!’ सगळे गप्प. काहीतरी चुकतंय हे प्रत्येकाला जाणवलं होतं, म्हणजे अक्कल होतीच. पण नेमकं काय चुकलं ते कुणाला सांगता येईना. अकरावीला तर्कशास्त्र घेतलेली एक मुलगी म्हणाली, ‘हा व्यक्तिलक्ष्यी दोष झाला. थकबाकी त्यांची आहे, टाकी सगळ्यांची.’ चर्चा परत टाकीवर आली.

पाश्चात्त्य खूळ? गौतम ऋषींची न्यायसूत्रं, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राचा मूळ ग्रंथ, किमान १५०० वर्षं जुनी आहेत. अनुमान मांडायच्या पाच पायऱ्या त्यांत आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, जशी चुलीत. इथेही तसाच धूर आहे. म्हणून आग आहे. ‘जिथे धूर तिथे आग’ या नियमाला व्याप्ती म्हणतात. ती उलटवली की घोटाळा होतो. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो, हे उदाहरण न्यायशास्त्रातलंच. मलेरियात ताप येतो, म्हणून ताप आला की मलेरियाच, असं म्हणणारा हीच चूक करतो. आणि हे सगळं ग्रीसमधून आलं असतं, तरी काय बिघडलं असतं? विचार कुठून आला यावरून तो खरा की खोटा ते ठरत नाही.

आता भांडण. दिसेल त्या वाक्यावर दोषाचं लेबल चिकटवणारे लोक मीही पाहिलेत, आणि त्यांचा त्रास खरा आहे. पण त्यांनी अर्धंच शिकलेलं असतं. सत्य शोधायला बोलणं तो वाद, जिंकायला बोलणं तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याचं फक्त खोडत बसणं ती वितंडा, हा भेदही न्यायसूत्रांतलाच. शिवाय युक्तिवाद सदोष निघाला म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही.

शेजारच्या काकू म्हणतात, काढ्याने त्यांची सर्दी आठ दिवसांत जाते. सर्दी बहुधा सात ते दहा दिवसांत आपोआपच जाते. तरी ‘काकू, हा काकतालीय न्याय’, म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं मी म्हटलं नाही. विचारलं, ‘काढा न घेता किती दिवस टिकते?’

काकू थोडा वेळ थांबल्या. ‘अगं, बघितलंच नाही कधी.’