बटाट्याचं नाक आणि हातातलं हत्यार

ताई, ‘जुन्या इंग्रजी बालपुस्तकांतले फेरीवाले म्हणजे गरिबांची टिंगल. आपल्या मंगळवार पेठेत दारावर येणाऱ्या कल्हईवाल्याला असं बटाट्याच्या नाकाचं काढलेलं चालेल का?’ असं तुम्ही माझ्या त्या पुस्तकांवरच्या लेखाबद्दल विचारलंय. निम्मं मान्य. जुने कपडे घेणारा ज्यू, डोक्यावर एकावर एक तीन हॅटी, ही शुद्ध हेटाळणी आहे. लेखात ते लिहायचं राहिलं, चूक माझी.

पण प्रत्येक मोठं नाक हेटाळणीचं नसतं. स्वस्त पुस्तकांत लाकडी ठसे वापरत, कारण ठसा टायपाच्या, म्हणजे छपाईच्या खिळ्यांच्या, उंचीचा असला की मजकुराबरोबर एकाच दाबात निघतो. तांब्याच्या पत्र्याला वेगळं यंत्र लागतं. बारीक कामाचे ठसे बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर कोरायचे. त्या झाडाचं खोडच सडपातळ, म्हणून ठसाही लहान. दोन-तीन इंचांत गाडा, टोपली, कुत्रं आणि माणूस बसवल्यावर चेहऱ्याला उरते तुरीच्या दाण्याएवढी जागा. तिथं नाजूक रेघा जवळजवळ कोरल्या की शाई भरून नुसता डाग उठतो. मग नाक चेहऱ्याबाहेर काढावं लागतं.

म्हणून मी नाक सोडून हात बघते. धारवाल्याच्या चाकावर थेंबथेंब गळणारा पाण्याचा डबा काढलाय का? पातं तापून पोलादाचा कणखरपणा जाऊ नये म्हणून तो असतो. तो डबा काढणारा चित्रकार धारवाल्यापाशी नीट उभा राहिलेला असतो. (धारवाला डावरा दिसला तर हसू नका. ठशावरचं चित्र छापताना उलटं उठतं; दुसऱ्याचं छापील चित्र ठशावर सरळच उतरवलं, उलटवायचं राहिलं, एवढंच.)

कल्हईवाल्यालाही हीच कसोटी. पातेलं घासून निखाऱ्यावर धरायचं, भाता मारायचा, तापलं की नवसागराची पूड टाकून कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. मग कापसाचा बोळा आतून झरझर फिरवायचा. भांडं कमी तापलं असेल तर कथील गोळ्या धरतं, पसरत नाही. धूर पांढरा, नवसागराचा.

तेव्हा नाक हवं तेवढं मोठं काढा म्हणावं. पण पातेलं बाहेरून लखलखीत आणि धूर काळाकुट्ट काढला असेल, तर तो चित्रकार कल्हईवाल्याकडं न बघताच हसलाय. त्याला आपण दोघी मिळून झोडपू.