विद्यापीठांतले सौरघट कागदावरच राहतात?

सौरऊर्जेचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे पाठवला जातो. विद्यापीठे सौरघटांच्या कार्यक्षमतेचे विक्रम जाहीर करतात, पण छतावर बसते ते कंपन्यांनी शोधलेले तंत्र. वैज्ञानिक उपकरणेही कंपन्यांचीच देणगी असते. आणि विद्यापीठाने पेटंट घेतले की शोध कुलूपबंद होतो, असा त्याचा आशय असतो.

पहिल्या विधानाच्या बाजूचा भक्कम पुरावा आधी मान्य केला पाहिजे. व्यवहारात वापरता येईल असा सिलिकॉनचा पहिला सौरघट १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्ज या कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाला. परंतु २०२० च्या आसपासच्या काही वर्षांत जगभर बसवलेल्या बहुसंख्य सौर पॅनेलांमध्ये जे ‘पर्क’ प्रकारचे घट आहेत, त्यांचे मूळ ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात आहे. जुन्या घटात मागच्या बाजूचा ॲल्युमिनियमचा थर सिलिकॉनला सलग भिडलेला असे. प्रकाशामुळे सुटे झालेले इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्याने उरलेल्या रिकाम्या जागा) तेथे पुन्हा एकत्र येत व तेवढी वीज हातची जाई. मार्टिन ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोहोंमध्ये विद्युतरोधक थर घातला, धातूचा स्पर्श त्यातील सूक्ष्म छिद्रांपुरता ठेवला आणि १९८९ मध्ये २२.८ टक्के कार्यक्षमता नोंदवली. कारखान्यांत हे तंत्र रुळायला २० वर्षांहून अधिक काळ लागला, कारण प्रयोगशाळेतील घटाला लागणारे अतिशुद्ध सिलिकॉन आणि नाजूक नक्षीकाम मोठ्या उत्पादनाला परवडणारे नव्हते. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या थराने ही वाट बरीच सोपी केली, आणि त्यावरील महत्त्वाचे काम पुन्हा आइंडहोव्हनच्या तंत्रज्ञान विद्यापीठातच झाले. हाच मजकूर १९९५ मध्ये लिहिला असता, तर तो अगदी पटण्यासारखा वाटला असता.

पेरोव्स्काइट या विशिष्ट स्फटिकरचनेच्या पदार्थापासून बनवलेले नवे घट कागदावरच राहतील, ही शंका मात्र रास्त आहे. जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने २००९ मध्ये ३.८ टक्क्यांपासून सुरुवात केली. आज प्रयोगशाळेतील आकडा २५ टक्क्यांच्या पुढे आहे, आणि ऑक्सफर्ड विद्यापीठातून निघालेल्या कंपनीने २०२४ मध्ये सिलिकॉनवर पेरोव्स्काइटचा थर असलेल्या पॅनेलांची विक्री सुरू केली. तरीही ओलावा आणि उष्णता सोसून हे घट दशकानुदशके टिकतील का, हा प्रश्न सुटलेला नाही.

उपकरणांबाबतचा गैरसमज बहुधा उपकरणावर कोरलेल्या कंपनीच्या नावामुळे होत असावा. केंब्रिज विद्यापीठात चार्ल्स ओटली आणि त्यांचे संशोधक विद्यार्थी १९४८ पासून स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोताने वस्तूचा पृष्ठभाग टिपणाऱ्या उपकरणावर, खपत होते. कंपनीने ते बाजारात आणले १९६५ मध्ये.

राहिला पेटंटचा मुद्दा. पेटंट घेणाऱ्याला शोधाचा तपशील उघड करावाच लागतो, आणि त्याचा हक्क ठरावीक मुदतीनंतर संपतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील फेलिक्स ब्लॉक आणि विल्यम हॅन्सन यांच्या अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनादाच्या (चुंबकीय क्षेत्रातील अणुकेंद्रांनी रेडिओलहरींना दिलेल्या प्रतिसादाच्या) पेटंटचे हक्क व्हेरियन कंपनीला मिळाले, आणि १९५२ मध्ये तिने या तत्त्वावरील स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे पदार्थाची रचना तपासण्याचे उपकरण, विकला. हक्कांची एवढी खात्री नसती, तर नव्या तंत्रात पैसा ओतायला कंपनी धजावली असती का, याविषयी मला शंका आहे. एकाच कंपनीला अनन्य परवाना दिला आणि तिने काहीच केले नाही, तर शोध खरोखर अडकून पडतो. पण तो दोष त्या कराराचा आहे, आणि ठरलेल्या मुदतीत उत्पादन न केल्यास परवाना रद्द होईल अशी अट करारात घालता येते.