“फोटो मिळाले नाहीत, बिल मात्र घेतलं” या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क. पण रिव्ह्यू वाचून म्हापशातली एक-दोन जुनी गिऱ्हाइकं दुकानात येऊन विचारून गेली, म्हणून इथेच उघड लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अल्बम डिझाइनचं एक सॉफ्टवेअर नेटवरून फुकट उतरवलं, कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला, लग्नांचे फोटो उघडेनात. आम्ही फोटो परत आणले नाहीत, पैसे भरून घेतलेलं अँटिव्हायरस काढून टाकलं, विंडोज नव्याने टाकून बिल लावलं. आणि पणजीतलं एक दुकान तेच फोटो “शंभर टक्के” मिळवून देतो म्हणतंय. या मुद्द्यांवरच मी बोलतो.

तुमच्याकडे आला तो रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस, स्टॉप डीजेव्हीयू या जातीचा. क्रॅक केलेल्या, म्हणजे विकतचं कुलूप तोडून फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरबरोबर हाच जास्त येतो. प्रत्येक फोटोच्या नावामागे चार अक्षरांचं शेपूट, प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची चिठ्ठी, चिठ्ठीत ९८० डॉलरची मागणी आणि ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे, ४९०. काम चालू असताना तो विंडोज अपडेटची खोटी खिडकी दाखवतो, त्यामुळे माणूस “अपडेट चाललंय” म्हणून गप्प बसतो. तुम्हीही काउंटरवर अपडेटचंच सांगत होतात.

आता मुख्य मुद्दा. व्हायरस काढणं आणि फाइल उघडणं ही दोन वेगळी कामं आहेत. चोर पकडला म्हणून त्याने घातलेलं कुलूप उघडत नाही. जगातलं कितीही महाग अँटिव्हायरस आणा, ते रॅन्समवेअर पकडेल, हाकलेल; पण आधीच लॉक झालेला फोटो चावीशिवाय उघडणार नाही, आणि चावी त्या गुन्हेगारांच्या सर्व्हरवर असते. अपवाद एकच: लॉक करताना व्हायरसला सर्व्हर गाठता आला नाही तर तो स्वतःबरोबर आणलेली ठरावीक चावी वापरतो. तसं झालं असेल तर चिठ्ठीत दिलेल्या तुमच्या ओळख-क्रमांकाच्या (पर्सनल आयडी) शेवटी ‘टी१’ असतं. एम्सिसॉफ्ट या अँटिव्हायरस कंपनीचं २०१९ सालचं मोफत टूल जुन्या जाती आणि अशा ठरावीक चाव्यांपैकी हाती लागलेल्या चाव्यांवर चालतं. तुमचा आयडी मी तुमच्यासमोर स्क्रीनवर दाखवला होता. शेवटी ‘टी१’ नव्हतं. नेट चालू होतं, चावी वेगळी, फक्त तुमच्यासाठी बनलेली.

तरी आम्ही हात वर केले नाहीत. रिव्ह्यूत हे आलं नाही म्हणून सांगतो. ही जात घाईत असते. प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा साधारण १५० केबी एवढाच भाग लॉक करते. मोठ्या व्हिडिओत पुढचं सगळं शाबूत असतं. त्याच कॅमेऱ्यावर काढलेली एक चांगली क्लिप नमुन्याला मागितली ती त्यासाठी, आणि त्यावरून विधींचे बरेचसे व्हिडिओ चालू करून दिले. रॉ फाइलच्या (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फोटोच्या) पोटात कॅमेरा स्वतःच एक जेपीजी ठेवतो. ती लॉक झालेल्या भागाच्या पलीकडे असेल तर बाहेर काढता येते. तशा जितक्या निघाल्या तितक्या दिल्या. मेमरी कार्डं मागवून घेतली, पण त्यांच्यावर पुढच्या लग्नाचं शूटिंग झालेलं होतं. तिथे उपाय नव्हता. साध्या जेपीजी मात्र गेल्या. बिल या मेहनतीचं आहे, आणि आधी आकडा सांगून, तुमचा होकार घेऊनच काम हाती घेतलं होतं.

विंडोज नव्याने का? या जातीबरोबर बरेचदा पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रॅमही येतो. वरवर साफ करून तुमच्या हातात दिलं असतं तर चार पैसे कमी लागले असते, पण त्याच कॉम्प्युटरवर तुम्ही बँक उघडली असती. म्हणूनच “जीमेलचे पासवर्ड फोनवरून बदला” म्हटलं. त्याला तुम्ही “उगाच घाबरवणं” लिहिलंय. घाबरवून मला काय मिळणार, पासवर्ड बदलायचे पैसे मी घेत नाही.

अँटिव्हायरसचं म्हणाल तर तुमच्याकडे दोन होती: एकाची मुदत संपलेली, दुसरं त्यावर बसवलेलं फुकटचं. दोन पहारेकरी एकमेकांच्या पायात येतात. शिवाय क्रॅकबरोबरच्या सूचनेत “आधी अँटिव्हायरस बंद करा” असं लिहिलेलं होतं आणि तसं केलेलंही होतं; डाउनलोड्स फोल्डर तपासणीतून वगळलेला आम्हाला दिसला. नंतर अँटिव्हायरस कंपन्यांच्या वेबसाइट उघडत नव्हत्या, तो नेटचा दोष नव्हता. होस्ट्स नावाच्या फाइलमध्ये व्हायरसने त्या साइटची नावं घालून वाट अडवली होती.

मी तुम्हाला नवीन पॅक विकला नाही, विकला असता तर मला कमिशनच मिळालं असतं. विंडोजबरोबर येणारं डिफेंडर हे अँटिव्हायरस तुमच्या कामाला पुरतं, फक्त त्यातलं ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ आपणहून चालू नसतं, ते चालू करून दिलंय; अनोळखी प्रोग्रॅमला ते तुमच्या फोल्डरमधल्या फाइली बदलू देत नाही. अल्बमचं सॉफ्टवेअर सेव्ह करताना कुरकुरलं तर तेवढ्यालाच परवानगी द्या, सगळं बंद करू नका. विकतचंच हवं असेल तर पुण्याचं क्विक हील घ्या नाहीतर दुसरं कुठलं. जर्मनीच्या एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियाच्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या अँटिव्हायरस तपासणाऱ्या संस्थांचे निकाल नेटवर फुकट बघायला मिळतात, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. माझ्याही. मात्र एकच ठेवा आणि मुदत सांभाळा. आणि बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवा. तुमची लावलेलीच होती, म्हणून तीही लॉक झाली.

राहिलं पणजीचं दुकान. तुमच्यासारख्या, सर्व्हरवरच्या चावीने लॉक झालेल्या फाइली “शंभर टक्के” उघडून देणारे बरेचदा एकच करतात: गुन्हेगारांना गुपचूप पैसे पाठवतात आणि वर आपले लावतात. तसं नसेल तर फार चांगलं. तुम्ही निवडलेल्या दोन-तीन जेपीजी आधी उघडून दाखव म्हणावं, आणि पैसे नंतर. मूळ डिस्क हातची सोडू नका, कॉपी द्या. लॉक झालेला सगळा डेटा आम्ही वेगळ्या डिस्कवर चिठ्ठीसकट ठेवून दिलाय, ती पुसू नका; पुढे कधी चाव्या बाहेर आल्या तर रॅन्समवेअरग्रस्तांना मदत करणाऱ्या ‘नो मोअर रॅन्सम’च्या साइटवर त्या मोफत मिळतात. १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार अजून केली नसेल तर करा.

बिल परत करणार नाही. पण डिस्कची कॉपी काढायची असेल तर घेऊन या, त्याचे पैसे लागणार नाहीत. शुक्रवार तेवढा टाळा, बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही.