गाजर गवताचं ‘टॉनिक’: फॉरवर्ड करण्याआधी थोडा हिशेब

तासगाव-पलूस भागातल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. ‘बांधावरचं गाजर गवत, लव्हाळा, टणटणी मिळून १० किलो कुटा, २०० लिटर पाण्यात आठवडाभर भिजवा, गाळून फवारा. युरिया बंद, टॉनिक बंद. उसाला चालतं, द्राक्षाला चालतं. निसर्गाचं आहे, अपाय शून्य.’

युरियाचं आधी उरकू. हिरव्या गवतात बहुतेक पाणीच. १० किलोत सुकं फार तर दोन किलो, आणि त्यातलं सगळं नत्र उतरलं असं धरलं तरी ५०-६० ग्रॅम. ४५ किलोच्या युरियाच्या एका पोत्यात ते वीस किलोच्या वर असतं. आडसाली (साधारण दीड वर्षाच्या) उसाला शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची. बसवा आता मेळ.

‘टॉनिक’ म्हणजे पिकाला वाढ मिळते, हे म्हणणं मात्र साफ खोटं नाही, म्हणून तर ते पटतं. गाजर गवतात पार्थेनिन असतं, शेजारच्या रोपाला दाबणारं. असे अर्क अगदी पातळ असले तर काही पिकांच्या मुळांना चालना मिळालेली प्रयोगांत दिसते. जरा घट्ट झाले की तीच मुळं खुंटतात. मग ‘१० किलो’ म्हणजे कोवळं गवत की फुलावर आलेलं? पाला की मुळांसकट? पार्थेनिन प्रत्येक वेळी वेगळं उतरणार. द्राक्षाच्या गोडी (फळ) छाटणीनंतर जीए हे वाढीचं संजीवक पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग असं मोजणारे आपण, आणि याला माप बादलीचं!

‘दशपर्णीत, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याच्या अर्कात, टणटणी असतेच की,’ असंही कुणीतरी म्हणतंच. असते, पण दशपर्णी किडीसाठी असते, वाढीसाठी नव्हे.

‘अपाय शून्य’ हे सगळ्यात धोक्याचं. गाजर गवत उपटून अंगाला खाज, पुरळ उठलेली माणसं गावोगाव आहेत. ते उघड्या हातांनी कुटायला सांगणं बरं नव्हे. आणि उसाच्या बांधावरच्या तणावर टू-फोर-डी हे तणनाशक मारलेलं असेल तर? द्राक्षवेल या औषधाला फार नाजूक. अर्कातून अंश पोचला तरी नवी पानं पंख्यासारखी आखडतात, शिरा एकमेकींना चिकटून येतात. बागेत असं दिसलं की लोक व्हायरस म्हणून धावाधाव करतात.

कंपन्यांच्या वनस्पती अर्कांनाही २०२१ पासून जैव-उत्तेजक म्हणून खत नियंत्रण आदेशाखाली नोंदणी लागते. घरच्या पिंपाला कोण विचारतो? तेव्हा आपणच बघायचं. मुगाचे दाणे ओल्या फडक्यावर ठेवा: एका फडक्याला साधं पाणी, दुसऱ्याला दहापट पातळ अर्क, तिसऱ्याला शंभरपट. तीन-चार दिवसांनी मुळं शेजारी धरून बघा. साध्या पाण्यापेक्षा आखूड दिसली तर तो अर्क पिकावर नको. लांब दिसली तरी आधी दोनच सरींवर मारा, शेजारच्या दोन सरींवर नुसतं पाणी. द्राक्षावर तर नकोच.

गाजर गवताचा खरा उपयोग करायचाच असेल तर फुलं येण्याआधी, हातमोजे घालून उपटा आणि शेण-मातीचे थर देत खड्ड्यात पुरतं कुजू द्या.