बोगदा झाला, आता हॉटेलं बांधा?

एका लेखात म्हटलंय की मनालीजवळच्या अटल बोगद्यामुळे हिमाचलमधल्या लाहौल खोऱ्याचं नशीब उघडलं, आता तिथे मोठी हॉटेलं नि रोपवे हवेत. पहिलं अर्धं खरंच आहे, बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला त्याआधी वरची रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की सहा-सहा महिने खोरं तुटलेलं असायचं, पेशंटला हलवायचं तरी हेलिकॉप्टरची वाट बघावी लागायची, त्यामुळे बोगदा नको होता असं कोण म्हणेल. पण पुढचं काही पटलं नाही बुवा.

आम्ही गेलो तेव्हा बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावात एवढा ट्रॅफिक की अर्धा तास गाडी जागची हलली नाही, आणि नदीकाठी चिप्सची पाकिटं नि मॅगीच्या प्लेट्स. ही चंद्रा नदी. पुढे तांदीला तिला भागा मिळते, एकीचं पाणी राखाडी गढूळ, दुसरीचं जरा वेगळं, आणि मग नाव काय तर चंद्रभागा! आमच्या आईने तिथेच हात जोडले, म्हटलं अगं ही पंढरपूरची नाही, ही पुढे चिनाब होते. तर म्हणे असूदे.

मुद्दा असा की तिथे पाऊस जेमतेम, बटाटा नि मटार पिकतो तो वरच्या बर्फाच्या पाण्यावर. हॉटेलवाले ते पाणी खोल्याखोल्यांत गीझरला देणार तर शेताला काय? आणि सांडपाणी कुठे सोडणार, नदीतच ना? बियास नदीच्या काठावर बांधलेल्या हॉटेलांचं जुलै २०२३ च्या पुरात काय झालं ते मनालीवाल्यांना विचारा.